मी ‘ताक’ म्हणालो, त्याबद्दल

ह्या ग्रुपवरचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचतोय. वाचायचो तेही दुपारच्या ब्रेकमध्ये, सँडविच खाताखाता, आणि खरं सांगतो... हसायचो. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाचा बंद पंखा फिरतो. मला वाटायचं, ह्या लोकांची झोप पुरी होत नसावी. माझा स्वभावच असा, की आमच्या दारात भूत आलं असतं तर मी त्याला आधी डिपॉझिट किती ते सांगितलं असतं.

हे वाक्य मी पूर्वी पार्ट्यांमध्ये वापरायचो. लोक हसायचे. आता वापरत नाही.

जागा सांगतो. मेलबर्नच्या उत्तरेला, क्रेगीबर्न. आमचं घर कोपऱ्यावरचं, एक मजली, विटांचं. दाराला कॅमेरावाली बेल. ती मी सेलमध्ये घेतली आणि स्वतः बसवली, त्यामुळे जरा तिरकी आहे. घरात मी, वय बावन्न, एका वेअरहाउसमध्ये कुठलं पॅलेट कुठे ठेवायचं ते ठरवणारा माणूस. माझी बायको मंजिरी, जी बाकी सगळं ठरवते. आणि आमची मुलगी इरा — म्हणजे ती तेव्हा घरात नव्हती. तिला क्लेटनच्या बाजूला पहिली नोकरी लागली. इथून तिथे रोज ट्रेनने जायचं म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, म्हणून तिने तिकडेच तीन मैत्रिणींबरोबर घर भाड्याने घेतलं. पगारातला निम्मा भाड्यात. आम्ही तिला थोडी मदत करायचो, आणि ती मदत परवडावी म्हणून तिची खोली भाड्याने दिली. म्हणजे आमची मुलगी दुसऱ्याच्या घरात आणि दुसऱ्याची मुलगी आमच्या घरात. ह्यात नक्की फायदा कोणाचा, असं मी मंजिरीला विचारलं, तर ती म्हणाली, “बँकेचा.”

दुसऱ्याची मुलगी म्हणजे काशा. पोलंडची, सत्तावीस वर्षांची. स्पेलिंग वाचून मी तिला आठवडाभर ‘कासिया’ म्हणत होतो. इराने फोनवर सुधारलं, “इट्स काशा, डॅड. काशा.” मंजिरीने त्याची लगेच ‘काशी’ केली, आणि ती मुलगी त्यालाही ओ द्यायला लागली.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मी दारातूनच हात पुढे केला होता. तिने तो मिळवला नाही. आधी बॅग आत, मग दोन्ही पाय आत, आणि मग हात. म्हणाली, आमच्याकडे उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत, वाईट असतं. मंजिरी खूश. “बघ, ह्यांना कळतं. तू उंबऱ्यावर उभा राहून फोनवर बोलतोस.” आणि मी आपला “या, या” करत उभा. ते ‘या’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मी’. म्हणजे तिने ऐकलं काय, तर दारात उभा राहून ‘मी, मी’ म्हणणारा घरमालक. तसा तिचा समज फार चुकीचा नव्हता.

आता ताकाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दर रविवारी चारच्या सुमाराला, आमच्या चहाच्या वेळी, काशा किचनच्या टेबलावर फोन उभा करून तिच्या आजीशी बोलायची. आजीला ती ‘बाब्चा’ म्हणे. आई आयर्लंडला नोकरीला, त्यामुळे हिला वाढवलं आजीनेच. आजी फोन इतका जवळ धरायची, की स्क्रीनवर फक्त कपाळ आणि चष्म्याची एक काच. तिचा चेहरा मी असा पुरता कधी पाहिलाच नाही. बोलणं सगळं आजीचं, आणि काशाचं एकच — “ताक... ताक, ताक... ताक.” पहिल्या रविवारी मंजिरीने हे चारपाचदा ऐकलं. मुलगी संकोची आहे, सरळ मागत नाही, असं समजून तिने ग्लासभर ताक केलं — मीठ, जिरेपूड, वर कोथिंबीर — आणि तिच्यापुढे नेऊन ठेवलं. त्यांच्यात ‘ताक’ म्हणजे ‘हो’, हे आम्हाला नंतर कळलं. पण तिने ते प्यायलं. ग्लास आजीला दाखवला, काहीतरी सांगितलं, आणि पलीकडे ते कपाळ हसून हलायला लागलं. तिकडेही ताक पितात म्हणे, उकडलेल्या बटाट्यांबरोबर. मग पद्धतच पडली. मी दर रविवारी विचारायचो, “काशा, ताक?” ती म्हणायची, “ताक.” आणि दर रविवारी मीच हसायचो.

पोलंडला व्रोत्सवाफ म्हणून शहर आहे, तिथे ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होती. दिवसभर लोकांच्या फ्लॅटचे प्लॅन काढायचे, आणि स्वतः राहायची ती खोली एवढी, की ओव्हन उघडला की बाथरूमचं दार उघडायचं नाही. निम्म्याहून जास्त पगार त्या खोलीला. तिच्या वर्गातली अर्धी मुलं बाहेर गेली — कोणी जर्मनी, कोणी नॉर्वे. ही सगळ्यात लांब आली. इथे स्टुडंट व्हिसावर एज्ड केअरचा कोर्स, आणि एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे आपल्याकडच्या वृद्धाश्रमात, शिफ्ट. आणि इथेही पगाराचा जवळजवळ निम्मा आमच्या खोलीला. मी एकदा विचारलं, “मग फरक काय पडला गं?” तिने खरोखर विचार केला. “काका, इथे ओव्हन उघडता येतो.”

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचा घराचा हप्ता वाढला. मी भांडी पुसता पुसता काशाला सांगितलं, की आठवड्याला चाळीस डॉलर वाढवावे लागतील. मी स्वतः अॅडलेडला मॉसन लेक्समध्ये विद्यार्थी असताना सहा जणांत एका युनिटमध्ये राहिलोय. तिथल्या घरमालकाने वीस वाढवले, तेव्हा त्याला आम्ही महिनाभर शिव्या दिल्या होत्या — मराठीत, कारण तो समोरच उभा असायचा. हे मला त्या दिवशी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. काशा म्हणाली, “नो वरीज, काका.”

त्याच आठवड्यात तिची आजी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. काशा जुलैमध्ये घरी जाणार होती, ते जुलैचं सप्टेंबर झालं. आम्हाला तिने कारण दिलं, की सप्टेंबरात तिकिटं स्वस्त असतात. मी म्हटलं, “गुड कॉल.” अंगठाही दाखवला असेन.

सप्टेंबरपर्यंत आजी थांबेल का, एवढाच खरं तर प्रश्न होता. तो टेबलावर कोणी काढला नाही. रविवारचं ‘ताक, ताक’ चालू होतं.

जूनचा तिसरा शनिवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं — वेळ बेलमुळे माहीत आहे. मंजिरी एका मैत्रिणीकडे गेलेली, काशा शिफ्टला. मी डिशवॉशर रिकामा करत होतो. झोपलो नव्हतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे प्रत्येकाने पहिलं तेच विचारलं.

बेल वाजली. दारात एक म्हातारी बाई. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला, राखाडी कार्डिगन, पायात घरात घालायच्या सपाता. आमच्या मागच्या गल्लीत एक इटालियन आजी आहेत, त्यांना हल्ली फारसं आठवत नाही. भटकत येतात, दोनदा मंजिरीने त्यांना घरी सोडलंय. लांबूनच ओळख, चेहरा काही मी नीट बघितलेला नव्हता. मला वाटलं, त्याच.

“या, या, आत या,” मी म्हटलं. म्हातारी माणसं दिसली की मी मराठीच सुरू करतो, कुठल्याही देशाची असोत. हात पुढे केला. त्यांनी हाताकडे बघितलं. एक पाय आत घेतला, मग दुसरा, आणि मग हात हातात घेतला. गार होता. पण जूनमध्ये क्रेगीबर्नला सगळ्यांचेच हात गार असतात.

“काशा?” त्या म्हणाल्या.

मला काहीच विचित्र वाटलं नाही. काशा नर्सिंग होममध्ये काम करते, ओळखत असतील म्हाताऱ्या तिला. “वर्क,” मी म्हटलं, आणि पाच बोटं दाखवली. “पाचला येईल.”

त्या टेबलाशी बसल्या. काशा रविवारी बसते त्याच खुर्चीत, पण आमच्याकडे खुर्च्याच चार. काही द्यावं म्हणून फ्रिज उघडला तर समोर ताकाचं भांडं. “ताक?” मी आपला सवयीने जोक केला.

“ताक,” त्या म्हणाल्या.

मी इतका खूश झालो, की वर कोथिंबीरही घातली. त्यांनी एका दमात अख्खा ग्लास प्यायला आणि वरचा ओठ बोटाच्या मागच्या बाजूने पुसला. मग उठल्या आणि पॅसेजमधून काशाच्या खोलीपर्यंत गेल्या. दार उघडंच होतं, आत स्टँडवर तिचे कपडे वाळत होते. पाहुण्या बाईच्या मागे मागे जाणं बरं नाही म्हणून मी ओट्याशीच थांबलो. दोनेक मिनिटांनी परत आल्या. किचन बघितलं, हीटर बघितला, मग मला बघितलं — वरपासून खालपर्यंत, मुलीच्या सासरचं माणूस बघतात तसं. आणि एक प्रश्न विचारला. छोटासा. शेवटी ‘तू’ आलं म्हणून माझ्या लक्षात राहिला.

“दोबझे येय तू?”

मला वाटलं, ‘ये तू’ असं काहीतरी म्हणतायत, कुठे बोलावतायत की काय. काही कळलं नाही. न कळलेल्या प्रश्नाला माणूस काय करतो, हसून हो म्हणतो. “ताक,” मी म्हटलं. “ताक, ताक.” इटालियन बाईला पोलिशमध्ये उत्तर देतोय, ह्याचं मला माझंच हसू आलं.

त्या हसल्या नाहीत. मान हलवली. दोनदा, सावकाश.

“चला, सोडतो तुम्हाला,” म्हणून मी बेडरूममधून गाडीची किल्ली आणायला गेलो. अर्धा मिनिट. परत आलो तर खुर्ची रिकामी. दार बंद. आमचं दार ओढून घेतलं की मोठा आवाज होतो, तो मी ऐकला नव्हता. मी गाडी काढून गल्ल्या फिरलो, मग त्या इटालियन घरी गेलो. त्या आजी आत मांडीवर ब्लँकेट घेऊन टीव्ही बघत होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या. कोणी वेगळीच बाई. त्यांचा मुलगा म्हणाला, “यू ओके, मेट?” मी म्हटलं, “ऑल गुड.”

साडेपाचला काशाची गाडी आली. ती बराच वेळ उतरलीच नाही. किचनच्या खिडकीतून मला फक्त स्टिअरिंगवरचे तिचे दोन हात दिसत होते. मग आत आली, बूट काढले, नीट जोडीने ठेवले.

“बाब्चा गेली, काका. आज सकाळी सातला.”

मी म्हटलं, “ओह.” तिने डबा धुतला, पुसला, आणि परत धुतला. तेवढ्यात मंजिरी आली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी डिशवॉशर पुन्हा उघडून बघितला. तिथले सकाळचे सात म्हणजे इथले दुपारचे तीन, हा हिशोब माझ्या डोक्यात आंघोळ करताना आला.

मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, “आधी शुगर बघ.” बघितली, नॉर्मल. “मग तिला काही बोलू नकोस. तिची आजी गेलीये, त्यात तुझा कार्यक्रम नको.”

काशा गेली नाही. बुधवारी अंत्यविधी होता. आयत्या वेळचं तिकीट, कोर्सची हजेरी, शिफ्ट... सगळं बसवेपर्यंत बुधवार आला. तिच्या एका मावसभावाने चर्चमधून फोन चालू ठेवला. त्याचा हात दुखत असावा, कारण बहुतेक वेळ छतच दिसलं. आम्ही तिघं टेबलाशी बसून ते छत बघत होतो. कोणी रडलं नाही. मंजिरीने वरणभात केला होता, तो आम्ही खाल्ला.

मधल्या रविवारी इरा आली होती. तिने फोनवर बेलचं अॅप उघडलं. तीन दहाची क्लिप आहे. दारासमोरची पायरी, कुंपणाची झुडपं, रस्ता. कोणी नाही. माझा आवाज, “या, या, आत या.” कडेने माझा हात बाहेर येतो. हवेत तसाच थांबतो. मग मागे जातो. संपलं.

“डॅड, हू आर यू टॉकिंग टू?”

“बेल कोणी वाजवली मग?”

“स्पायडर. सेन्सरवर बसतात ते,” ती म्हणाली. मग क्लिप परत लावली, आणि माझ्या तोंडाकडे बघून बंद केली.

गुरुवारी काशा मोज्यांचे तीन जोड घेऊन किचनमध्ये आली. एकात एक गुंडाळून, वरून उलटवून, लाडवासारखे गोळे केलेले. “काकू, हे तुम्ही केलंत?”

“नाही गं.”

“शनिवारी सकाळी मी ओले टाकून गेले होते स्टँडवर. मग मी... बघितलंच नाही इतके दिवस. आज घ्यायला गेले तर असे.”

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. “हा? ह्याने स्वतःचेसुद्धा कधी जोडले नाहीत.”

मग मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं — रुमाल, सपाता, उंबरा, ताक. काशा ऐकत होती. रुमालाला तिने काही म्हटलं नाही, सपातांनाही नाही. म्हणाली, “ती काय बोलली? एक्झॅक्टली?”

“दोबझे येय तू.”

“परत.”

“दोबझे येय तू.”

“शेवटी ‘ताम’ म्हणाली, की ‘तू’?”

“तू. त्यात कसा चुकेन, आमच्यात ‘तू’ म्हणजे यू.”

ती खुर्चीत बसली. मोजे टेबलावर ठेवले. “दर रविवारी ती मला एकच विचारायची. दोबझे ची ताम? म्हणजे, बरं आहे ना तुझं तिथे? जेवण बरं आहे ना, माणसं बरी आहेत ना, असं सगळं, पण शेवटी तेच. आणि मी...”

“ताक म्हणायचीस,” मंजिरी म्हणाली.

“ताक म्हणायचे.”

“आणि हे?” मी विचारलं.

“हे म्हणजे, बरं आहे ना तिचं इथे?” तिने बोटाने टेबलावर टकटक केलं. “ताम म्हणजे तिथे. तू म्हणजे इथे. फोनवर ती कधीच ‘तू’ म्हणाली नाही, काका. फोनवर कसं म्हणेल.”

मंजिरीने एक मोज्यांचा गोळा हातात घेतला होता, तो ती नुसता दाबत होती.

“तुम्ही काय सांगितलंत?” काशाने विचारलं.

“ताक.”

“एकदाच?”

“तीनदा.”

तिने मान हलवली. दोनदा, सावकाश. “मीही तेच सांगितलं असतं,” ती म्हणाली, आणि मोजे घेऊन खोलीत गेली.

भाडं आम्ही पुन्हा खाली आणलं. ती ‘थँक्स’ म्हणाली. त्या थँक्सचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. रविवारी चार वाजले की ती फिरायला जायची. मंजिरी ताक करायची, ते संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये असायचं आणि मग मी प्यायचो. डिसेंबरात कोर्स संपला आणि ती परत गेली. जाताना मंजिरीने तिला शिकवलं, की जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं. उंबऱ्याच्या आतच तिने आम्हा दोघांना मिठी मारली, “येते” म्हणाली, आणि बाहेर पडल्यावर मागे बघितलं नाही.

स्पष्टीकरणं मला भरपूर मिळालीत. क्लिप कोळ्याने सुरू केली. वाक्य रविवारी ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलं होतं. मोजे मीच येताजाता गुंडाळले. माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, गिल्ट असली की मेंदू असले खेळ करतो. असेल. पण शनिवारी तीन दहाला मला गिल्ट नव्हती. मी मजेत होतो. तीच तर अडचण आहे.

गेल्या महिन्यात काशाचा व्हिडिओ कॉल आला, रविवारी, चार वाजता. आजीचा फ्लॅट आई आणि मामाने विकून टाकलाय. ती पुन्हा व्रोत्सवाफला, पुन्हा एका ऑफिसात, पुन्हा तसल्याच एका खोलीत. तिच्या डोक्यामागे ओव्हन दिसत होता. कॉल करणार हे तिने आधी कळवलं होतं; मी आठवडाभर गाडीत ज्याची प्रॅक्टिस केली होती, तो प्रश्न विचारला.

“दोबझे ची ताम?”

ती हसेल असं वाटलं होतं.

“नॉट रिअली, काका,” ती म्हणाली. “तिथेही नव्हतं.”

मी “बरं” म्हटलं. मंजिरीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि विचारलं, “जेवलीस का?”

तर, त्या दिवशी कोण आलं होतं, ते सोडा. पण त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला अकरा महिन्यांनी मिळालं. मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं. आता ते कुठे कळवायचं, इथे कोणाला माहीत असेल तर सांगा.